आयव्हर बेडोचं नाव

कूमडर्वेन गावाचं पुनरुज्जीवन आजवर चार वेळा झालं होतं, आणि प्रत्येक खेपेला गावातली आणखी दोन-चार दुकानं बंद पडली होती. पोलादाचा कारखाना पाडला, त्या जागी आधी बाग आली, मग काचेचं कॉलेज, मग गाड्या लावायला ऐसपैस मैदान. गाड्या येईनात, कारण येऊन करायचं काय? दिव्याच्या खांबांवर काळ्या तोंडाच्या खाणकामगारांचे मोठाले फोटो लावले होते. जिवंत होते तेव्हा त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

नेस्टा प्यूला या सगळ्याचा वीट आला होता. अर्धा जन्म तिने कारखान्याच्या कँटीनमध्ये काढला आणि पुढची सगळी वर्षं कौन्सिलच्या सभांना. तिथे दर वेळी नवा तरुण यायचा, रंगीत चिठ्ठ्या वाटायचा आणि म्हणायचा, "गावाबद्दलचं तुमचं स्वप्न लिहा." नेस्टा दर वेळी कामगार हॉल उघडा असंच लिहायची. चिठ्ठी भिंतीवर चिकटायची, फोटो निघायचा, तरुणाला दुसरीकडे चांगली नोकरी लागायची आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

हा हॉल खाणकामगारांनी दर आठवड्याच्या पगारातून पेनी-पेनी काढून बांधलेला. लग्नं, गाणी, बॉक्सिंग, युनियनच्या सभा, सगळं तिथेच व्हायचं. आता दारांना फळ्या ठोकल्या होत्या आणि छपरातून कबुतरं ये-जा करत होती. या वर्षी कौन्सिलने निर्वाणीचं सांगितलं. हॉल गावाच्या समितीला देऊ, पण जुन्या इमारतींच्या दुरुस्तीतलं शिकलेलं एक माणूस समितीत हवं, आणि तेही शुक्रवारच्या आत. नाहीतर कार्डिफचा बिल्डर तिथे फ्लॅट काढणार.

असं माणूस गावात एकच होतं, कॅरिस बेडो. शिकून इंजिनिअर झालेली, जन्मभर बाहेर नोकरी करून आता आजारी आईसाठी परत आलेली, आणि फुकट काम करायला तयार. पण ती आयव्हर बेडोची मुलगी होती.

"संपफोड्याची पोर? आपल्या हॉलमध्ये?" मॅन्सेल रॉसर म्हणाला. समितीत तिघंच होती. मॅन्सेल, जो संपाच्या वेळी युनियनचा सेक्रेटरी होता, त्याचं शेपूट हँडेल प्रॉबर्ट, आणि नेस्टा.

चौऱ्याऐंशीचा तो संप वर्षभर चालला होता. आयव्हर शेवटच्या आठवड्यात कामावर गेला. अजून थोडी कळ काढली असती, तर सगळ्यांबरोबर बँड वाजवत आत गेला असता. तेव्हापासून तो क्लबात शिरला की माणसं भिंतीकडे तोंड करून उभी राहायची, तो जाईपर्यंत. त्याच्या शवपेटीमागेही बायको, मुलगी आणि पाद्री एवढीच माणसं होती.

"तिच्या बापाने केलं त्याचं तिच्याशी काय?" नेस्टा म्हणाली.

"रक्त तेच."

"रक्ताचं मला सांगू नकोस. रक्त पातळ करायच्या गोळ्या खाऊन-खाऊन तुझं पाणी झालंय."

"संपफोड्यांबरोबर आपण एका छपराखाली बसत नाही," हँडेलने री ओढली.

"मग बसा दोघं पावसात! छप्पर पडतंच आहे, तुमचीच वाट बघतंय."

मॅन्सेलने तिच्याकडे रोखून पाहिलं. "ग्विलिमची बहीण असून तू हे बोलतेस?"

ग्विलिम तिचा धाकटा भाऊ. त्याच संपाच्या हिवाळ्यात गेलेला. "त्याला मध्ये आणू नकोस," नेस्टा म्हणाली आणि उठली. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, तिसऱ्या दिवशीही गेली. दगडावर डोकं आपटल्यासारखं होतं. या दोन म्हाताऱ्यांपायी सगळं गाव बुडणार, या विचाराने तिला रात्र-रात्र झोप येईना. शेवटी मॅन्सेल म्हणाला, "येऊ दे तिला. पण मी तिच्याशी बोलणार नाही."

गुरुवारी संध्याकाळी चॅपेलच्या मागच्या खोलीत सभा भरली. कॅरिस नकाशे घेऊन आली, तर दोघे आधीच भिंतीकडे तोंड करून बसलेले.

"नेस्टा, तिला विचार, छपराचं काय," मॅन्सेल भिंतीला म्हणाला.

"ती इथेच बसलीय. बहिरी नाही."

"तू विचार."

नेस्टाने कपाळाला हात लावला. कॅरिस मात्र शांतपणे सगळं सांगत गेली. छप्पर वाचेल, जिना वाचेल, पुढची भिंत आधी धरावी लागेल. मॅन्सेलची मान हळूहळू हलू लागली. जमतंय असं नेस्टाला वाटलं, तेवढ्यात कॅरिस म्हणाली, "सही करते मी. पण एक अट आहे. जिन्यावर युनियनच्या पंचांच्या नावांचा फळा आहे ना, त्यावरचं बाबांचं नाव तुम्ही खरवडून काढलंत. ते परत लिहायचं. शेवटी ते चुकले असतील. पण आधीची सगळी वर्षं त्यांनी तुमचीच कामं केली होती. खाणीत छत कोसळलं, तेव्हा मॅन्सेल अंकल, तुम्हाला कुणी ओढून काढलं?"

"मेलो तरी नाही," हँडेल म्हणाला.

मॅन्सेलची खुर्ची करकरली. त्याने ती वळवली आणि पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. "चाकू माझाच होता," तो म्हणाला. "पोरी, मला मरायच्या आधी त्या हॉलच्या बारमध्ये एक ग्लास बिअर प्यायचीय. लिहा नाव." आणि त्याने हात वर केला.

तिघांपैकी दोघांचा होकार पुरे होता. सगळे नेस्टाकडे पाहू लागले.

संपाच्या त्या फेब्रुवारीत घरात कोळशाचा तुकडा नव्हता. आई गारठलेली, म्हणून ग्विलिम खाणीच्या कचऱ्याच्या ढिगातून कोळसा वेचायला गेला आणि ढीग त्याच्यावर आला. त्याच्या पेटीला पुढून खांदा दिला तो आयव्हरने. त्या शनिवारी, दफन झाल्यावर, त्याने आईचे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, "आम्ही आहोत." सोमवारी पहाटे संपफोड्यांना खाणीत नेणारी, खिडक्यांना जाळ्या ठोकलेली बस दारावरून गेली. आई खिडकीत उभी होती. आत आयव्हर होता.

"हात वर कर, नेस्टा," मॅन्सेल म्हणाला. "आठवडाभर माझं डोकं खाल्लंस."

तिला सगळ्यांचा संताप आला. मॅन्सेलचा, त्या चिठ्ठीवाल्या पोरांचा, आणि सगळ्यात जास्त या पोरीचा. "हे आजच मागायचं होतं का तुला? सही झाल्यावर मागितलं असतंस तर?"

"सही झाल्यावर कुणी दिलं असतं, नेस्टा आँटी?"

पोरगी खरं बोलत होती. हात वर करायला हवा, हे नेस्टाला कळत होतं. तिने मनाला बजावलं, स्वतःला शिव्या घातल्या, पण मांडीवरचा हात हलेना. थोड्या वेळाने कॅरिसने नकाशांची गुंडाळी केली, "येते मी," म्हणाली आणि गेली. हँडेल खूश दिसत होता. मॅन्सेल टोपी घालता-घालता पुटपुटला, "आणि हट्टी म्हणून नाव माझं."

शुक्रवारी कौन्सिलमधून नव्या तरुणाचा फोन आला.

"काय ठरलं, मिसेस प्यू?"

"जमलं नाही."

"अरेरे! त्या दोन म्हाताऱ्यांनी मोडता घातला असेल. मला नोंद करायचीय. विरोध कुणाचा होता?"

हँडेलचं नाव तिच्या ओठांवर आलं होतं. ते खोटंही नव्हतं.

"माझा," नेस्टा म्हणाली. मग तिने रिसीव्हर तसाच टेबलावर ठेवला. पलीकडून तो कितीतरी वेळ हॅलो, हॅलो करत राहिला.