खिडकीतून काय दिसतं

माझ्यावर विश्वास ठेवून लोक आपली सगळी कमाई मला सांगतात, आणि मी मात्र कुणावरच विश्वास ठेवत नाही. माळनाक्याला बेकरीच्या वर माझं ऑफिस आहे. पाटीवर लिहिलंय, 'करुणा तांबे, कर सल्लागार'. खालून दिवसभर खारी-बटरचा वास येतो आणि वर माणसं पॅनकार्ड घेऊन येतात. ही माणसं भोळी म्हणावीत की बेफिकीर, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पासवर्ड विचारला तर जिना चढता चढताच ओरडून सांगतात. ओटीपी तर खाली पाव घ्यायला आलेल्यांनाही ऐकू जातो.

संशय माझ्या रक्तात आहे. माझे बाबा शाळामास्तर होते. आलेलं पत्र फोडण्याआधी ते त्यावरचा पोस्टाचा शिक्का वाचायचे, अक्षर ओळखीचं असलं तरी. आई त्यांना हसायची. मी हसले नाही, शिकले.

मध्यंतरी माझ्या ओळखीच्या एका सल्लागाराच्या नावाने कुणीतरी त्याच्या क्लायंटना मेल पाठवले आणि त्यांनी बिनदिक्कत सगळी माहिती देऊन टाकली. त्या बिचाऱ्याला महिनाभर तोंड लपवत फिरावं लागलं. तेव्हापासून मी खुणेचा नियम केला. फोनवर कागद मागायचे असतील तर आधी खूण सांगायची. प्रश्न ज्याचा त्याने माझ्यासमोर बसून ठरवायचा आणि उत्तर आम्हा दोघांच्या डोक्यात ठेवायचं. ते कुठे लिहायचं नाही आणि माझ्या मदतनीस दर्शनालाही सांगायचं नाही. दर्शना चांगली मुलगी आहे, पण तिचा फोन टेबलावर नेहमी पालथा असतो, आणि ते मला आवडत नाही.

नियमाचा लोकांना राग आला. गणपतीपुळ्याला लॉज चालवणारा आत्माराम तर फोनवर किंचाळलाच, "अगो करुणा, मी आत्माराम! माझा आवाज ओळखत नाहीस होय?"

"ओळखते की. पण हल्ली आवाजसुद्धा बनवतात. खूण सांगा."

त्याला खूण आठवेना. शेवटी तो गाडी काढून रत्नागिरीला आला, माझ्यासमोर बसला आणि विचारू लागला, की माझी खूण होती तरी काय. मी सांगितली नाही. नवी ठेवायला लावली.

शरीफा सोलकरची खूण मात्र मला पहिल्याच झटक्यात पसंत पडली होती. शरीफा राजापूरच्या खालच्या अंगाला, खाडीकाठच्या गावात राहते. नवरा मन्सूर मस्कतला असतो. त्याच्या नावावर इथे एक गाळा आहे, त्याचं भाडं येतं, म्हणून रिटर्न भरावं लागतं. मन्सूरला मी कधी पाहिलं नव्हतं. सगळे व्यवहार शरीफाच करायची. माझ्याकडे फोन नंबरही तिचाच होता. "त्यांना कशाला त्रास," म्हणायची.

"प्रश्न लिवा मॅडम," ती म्हणाली होती, "सैपाकघराच्या खिडकीतून काय दिसतं? आणि उत्तर हाय, भिंत."

"भिंत?"

"गावात कुनालाही विचारा, खाडी म्हनंल. होतीच खाडी. आता मोठ्या दिरांनी मधी भिंत घातलीय. त्यांच्या अंगाला गिलावा, रंग, सगळी हौस केलीय. आमच्या अंगाला नुसते चिरे." मग आवाज खाली आणून म्हणाली, "ह्ये मी कुनाला बोलत नाय."

कुणाला बोलत नाही, म्हणजे उत्तम खूण. मी खूश झाले. तिने कुणाला म्हणजे नेमकं कुणाला सांगितलं नव्हतं, हे विचारायचं मला सुचलं नाही.

सप्टेंबरमधल्या त्या दुपारी मला एक मेसेज आला. नंबर नवा, इथलाच. फोटो एका दाढीवाल्या माणसाचा, मागे उंच इमारती. 'मॅडम, मी मन्सूर सोलकर. मेहरीनची उद्या सकाळी मुंबईत व्हिसाची तारीख आहे. माझे तीन वर्षांचे रिटर्न पाठवा. फाइल घरी राहिली. अर्जंट.'

मेहरीन म्हणजे शरीफाची मुलगी. फार्मसी झालेली, पुढच्या शिक्षणाला आयर्लंडला निघालेली. हे शरीफाने मला पेढे देऊन सांगितलं होतं. ही तारीख हुकली तर मेहरीनचं वर्ष जाणार होतं, हेही मला माहीत होतं. मी शरीफाला फोन लावला. बंद. दोघी रेल्वेत असणार, बोगद्याबोगद्यांतून चाललेल्या. मेहरीनचा नंबर माझ्याकडे नव्हता.

मी लिहिलं, 'खूण सांगा. स्वयंपाकघराच्या खिडकीतून काय दिसतं?'

उत्तर लगेच आलं. 'भिंत.'

उत्तर बरोबर होतं, तरी माझं बोट पुढे सरकेना. मस्कतचा माणूस इथल्या नंबरवरून का बोलतोय? फोन न करता मेसेज का? दर्शना म्हणाली, "मॅडम, खूण बरोबर आली ना? मग पाठवते मी. पोरीचं काम अडेल." तिची ही घाईसुद्धा मला खुपली. मी म्हटलं, पीडीएफ तयार कर, त्याला पासवर्ड घाल, आणि मी सांगेपर्यंत हात लावू नकोस.

तेवढ्यात फोन वाजला. नंबर परदेशातला.

"तांबे मॅडम? मी मन्सूर सोलकर, मस्कतहून बोलतोय. मेहरीनचा मेसेज आला, फाइल घरीच राहिली. घराला कुलूप, चावी शरीफाकडं. पोरीनं काकाच्या घरी फोन करून बघितला, पण कुलूप कोन फोडनार? मॅडम, मेहरबानी करा, ते रिटर्न मला पाठवा, मी तिला पाठवतो."

म्हणजे एका मन्सूरचे आता दोन मन्सूर झाले. मी ताठ बसले. अशा वेळी, खरं सांगते, मला थोडी मजाही येते.

"खूण सांगा. स्वयंपाकघराच्या खिडकीतून काय दिसतं?"

"आमच्या? खाडी!" तो हसला. "खाडी दिसते मॅडम."

"चूक."

"चूक कशी असंल? माझ्या बापानं ती खिडकी मुद्दाम तिथं पाडली. आमचा बाप होडीवर जायचा. होडी परत येताना आईला चुलीपासून दिसावी म्हनून..."

"गोष्टी नका सांगू मला."

"गोष्टी नाय मॅडम, पोरीचं वर्ष जाईल! मी इथं उन्हात उभा राहून..."

त्याचा आवाज चढला आणि माझा त्याच्यावर चढला. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे सगळ्या माळनाक्याला माहीत आहे. "तुमच्या खिडकीतून भिंत दिसते, खाडी नाही! आधी घर नीट बघून या, मग लोकांना फसवायला निघा," असं म्हणून मी फोन आपटला.

मोठ्या फुशारकीने मी दर्शनाकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघतच राहिली होती.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "उत्तर तुम्हीच सांगून टाकलंत की."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. सगळ्या गावाला नियम शिकवणारी मी, आणि खूण फोनवर ओरडून मोकळी झाले होते. बेकरीतल्यांनाही ऐकू गेली असेल. आता ती खूण कुणालाही चालली असती. म्हणजे दुसरं काहीतरी विचारायला हवं होतं.

शिवाय ती होडी माझ्या डोक्यातून जाईना. फसवणारा माणूस चुकला की दुसरं उत्तर देऊन बघतो, नाहीतर गयावया करतो. हा आपल्या आईच्या चुलीबद्दल बोलत बसला होता.

मी पहिल्या मन्सूरला लिहिलं, 'भिंत कशी दिसते? रंग सांगा.'

'पिवळी. मॅडम लवकर.'

"पाठवू?" दर्शनाने विचारलं. मी हो म्हणणार होते. आणि मला शरीफाचं बोलणं आठवलं. त्यांच्या अंगाला गिलावा, रंग, सगळी हौस. आमच्या अंगाला नुसते चिरे.

शरीफाच्या खिडकीतून ती भिंत पिवळी दिसूच शकत नव्हती. लाल चिऱ्याची, उघडी, सांध्यांतून सिमेंट ओघळलेली दिसणार. पिवळी दिसते ती पलीकडून, ज्याने बांधली त्याच्या अंगणातून. हा मन्सूर मस्कतला नव्हता, भिंतीच्या पलीकडे बसला होता. मेहरीनने काकाकडे फोन केला तेव्हा कागद कुठून मिळतील हे त्या घराला आयतंच कळलं होतं. भावाची कमाई किती, हे वाटणीच्या भांडणात कुणाला जाणून घ्यायचं असतं, ते सांगायला ज्योतिषी नको.

मग ज्याला त्या भिंतीचा पत्ताच नाही, असा त्या घरातला माणूस कोण? मी ज्याच्यावर फोन आपटला होता तो. किती वर्षं घरी आला नव्हता कुणास ठाऊक. मला स्वतःची भयंकर शरम वाटली. मी परत त्या नंबरवर फोन लावला.

त्याने उचलला. मागे कुठेतरी गाड्यांचे हॉर्न वाजत होते.

"मॅडम," तो म्हणाला, "कसली भिंत?"

पंचवीस वर्षं मी लोकांना आकडे समजावून सांगतेय. त्या दिवशी मला एक वाक्य जुळवता येईना. मी माफी मागितली, त्याच्या नावाने आणखी कुणीतरी मेसेज केल्याचं आणि त्याने खूण बरोबर सांगितल्याचं कबूल केलं, कागद लगेच पाठवते म्हटलं. पण तो कागदांचं ऐकतच नव्हता.

"थोरल्यानं घातली?"

मी समोरची फाइल उगाच मिटली आणि उघडली.

"तुम्हाला मेसेज करनारा कोन होता, ज्याला भिंत ठाऊक होती? फैझान असंल, थोरल्याचा पोरगा. त्यानं काय सांगितलं अजून?"

"भिंतीचा रंग. पिवळा," मी म्हटलं. नको ते बोलायची माझी हौस त्या दिवशी फिटतच नव्हती.

"पिवळा," तो म्हणाला. "त्या रंगाला पैसे मीच धाडलेले. घराला लावतो म्हनालेला."

मला रडू आलं. दर्शनाने पाण्याचा ग्लास पुढे केला आणि बाहेर जाऊन उभी राहिली. तिच्याबद्दल मी दुपारभर काय काय मनात आणलं होतं, तेही मला आठवलं.

"शरीफा दर जुम्म्याला सांगते मला," मन्सूर बोलत होता, "आज किती होड्या दिसल्या, कुनाची आधी आली. मी म्हनतो खिडकीत फोन ने, मला बघू दे. ती म्हनते सैपाकघरात रेंज नाय." मग तो म्हणाला, "मला वाटायचं, रेंजच नसंल."

मी म्हटलं, "तुमच्यात नि भावात वाकडं येऊ नये म्हणून केलं असेल तिने."

"ठाऊक हाय मला. कागद पाठवा मॅडम. पोरीचं आधी." आणि मग म्हणाला, "एक करा. मला कळलंय ह्ये शरीफाला बोलू नका."

मी कागद त्याच्या मेलवर पाठवले, पासवर्ड फोनवर सांगितला, त्याच्याकडून दोनदा वदवून घेतला. भिंतीपलीकडचा नंबर ब्लॉक केला. मग खाली जाऊन दर्शनासाठी क्रीमरोल घेऊन आले. ती म्हणाली, आज काय विशेष? मी म्हटलं, काही नाही, खा.

संध्याकाळी उशिरा शरीफाचा फोन आला. आवाज थकलेला. "कागद मिळाले मॅडम. लई उपकार झाले. पोरगी रडायला आलेली." मग जराशी घुटमळली. "पन मॅडम, त्यांना खूण कुठं ठाऊक होती? तुम्ही त्यांना कसं काय दिलंत?"

"खूण विचारलीच नाही," मी म्हटलं. "आवाजावरून ओळखलं."

"तुम्ही?" ती म्हणाली. "आवाजावरून?"

तिचा विश्वास बसला नाही, हे मला इथे बसून दिसलं. आयुष्यभर मी लोकांकडे जसं बघत आले तसं आता ती माझ्याकडे बघत होती, आणि ते फार जड गेलं. ती पुढे काही विचारेल म्हणून मी श्वास धरून बसले. तिने विचारलं नाही.

"मॅडम, खूण बदलून ठेवा," ती म्हणाली. "प्रश्न तोच असू दे. उत्तर खाडी ठेवा. पुन्हा कधी त्यांनी फोन केला तर अडायला नको. त्यांना तेवढंच ठाऊक हाय."

"बरं," मी म्हटलं.

मेहरीनला व्हिसा मिळाला. ती गेली त्याच महिन्यात मन्सूरचा फोन आला, तिच्या कॉलेजला कसलासा दाखला हवा होता. नंबर तोच होता, आवाज तोच. आत्मारामला मी सोडलं नव्हतं, तर याला कशी सोडणार? नियम म्हणजे नियम.

"खिडकीतून काय दिसतं?" मी विचारलं.

तो जरा थांबला.

"खाडी," तो म्हणाला.

"बरोबर," मी म्हटलं, आणि दाखला पाठवून दिला.