काळ्या लोकरीतला फ्यूज

मित्रांनो, मी एक जुना फ्यूज आहे. जुना म्हटलं तरी माझी नोकरी झाली जेमतेम एका दिवसाची. पण पोटातली पट्टी एकदा वितळली की आमचं म्हातारपण सुरू. त्या दिवसाचा धक्का अजून माझ्या अंगातून गेलेला नाही.

मी तुमच्या करंगळीएवढा. अंग पारदर्शक, आत एक पातळ पट्टी. बॅटरीतून निघालेली वीज माझ्या पोटातून पुढे जाते. कुठे चुकीचा स्पर्श झाला आणि वीज बेफाम धावू लागली, की माझी पट्टी वितळते, वाट तुटते आणि पुढची तार तापायची वाचते. एवढंच माझं काम. गाणं वाजत असतं तेव्हा मला कुणी विचारत नाही. बंद पडलं की मात्र सगळे माझ्याच नावाने ओरडतात.

पिरंगुटच्या एका दुकानात मी खोक्यात पडून होतो. एका रविवारी घोटावड्याचा बिरू आला. कारखान्यात कामाला, घरी मेंढरं. जुनी मोटार नुकतीच घेतलेली आणि तिच्यात दणका हवा म्हणून हौस दांडगी. त्याने ॲम्प्लिफायर घेतला, सबवूफरचा जाडजूड डबा घेतला, आणि लाल तारेसोबत मीही पिशवीत गेलो.

असलं जोडकाम बिरूने आधी कधीच केलं नव्हतं. मोबाईलवर व्हिडिओ लावून, कारखान्यातला मित्र साहिल याला हाताशी घेऊन तो अंगणात बसला. त्याची बायको वैभवी कॉलेज शिकलेली. ती पाकिटातला कागद वाचून सांगत होती की जोडताना बॅटरी सुटी ठेवा, फ्यूज बॅटरीला लागूनच बसवा. साहिल म्हणाला, वहिनी, गाडीला बाळ व्हायचंय का, एवढी काळजी? ती हसली नाही. लाल तार गाडीतल्या गालिच्याखालून डिकीत जाणार होती आणि त्या तारेवरच्या मागच्या सीटवर तिची छोटी जुईली बसणार होती.

मला बॅटरीजवळ बसवलं. गाणं लागलं. गोठ्याचे पत्रे थरथरले, मेंढरं कोपऱ्यात दाटीने उभी राहिली. बिरूचा चेहरा बघायला हवा होता. मित्रांनो, त्या क्षणी मलाही वाटलं, आपण कुणीतरी आहोत.

बिरूची आई बयाबाई यांना मात्र दृष्टीची धास्ती. नवी वस्तू आणि वर इतका आवाज. त्यांनी लिंबू, मिरच्या आणि बिब्बा तारेत ओवून आणला. समोर बांधू म्हणाल्या तर बिरूने थट्टा केली. तो अंघोळीला गेला तेव्हा त्यांनी ते डिकीतल्या ॲम्प्लिफायरलाच अडकवलं आणि धूळ बसू नये म्हणून वरून घोंगडी पांघरली. कुणी पाहिलं नाही; मलाही हे मागाहून कळलं.

दुपारी सगळे वैभवीच्या भावाच्या हळदीला पौडला निघाले. पुढे बिरूशेजारी साहिल, मागे आजी, जुईली आणि वैभवी. गाणं जोरात. दारातल्या खड्ड्यात गाडी आदळली. माझ्या पोटात असा चटका बसला की काही कळायच्या आत मी वितळलो. टक्. आवाज गेला.

बिरूने बॉनेट उघडून मला उपसलं. मी त्याच्या तळहातावर पडलो होतो, म्हणून पुढचं सगळं मी पाहिलं. साहिल म्हणाला, फ्यूजच तर गेलाय, तार गुंडाळ आणि चल, हळद उरकायला आलीय. बिरूने तांब्याची तार सोलली आणि माझ्या दोन्ही टोकांना गुंडाळायला घेतली. मित्रांनो, मला ओरडता येत असतं तर! मी का वितळलो, हे कुणी विचारलंच नाही. ती तार बसली असती, तर वीज न थांबता धावली असती. थेट जुईलीच्या पायांखालून.

एवढ्यात वैभवीला वास आला. केस करपल्यासारखा. तिने आधी जुईलीच्या वेण्या हुंगल्या. मग फ्रॉक. मग स्वतःचा पदर. खाली उतरून तिने डिकी उघडली. वास घोंगडीला होता. तिने घोंगडी ओढली.

लिंबू करपलं होतं. ओवलेली तार धक्क्याने ॲम्प्लिफायरच्या, विजेच्या तारा जोडलेल्या दोन स्क्रूंवर आडवी पडून काळी झाली होती.

"अहो," ती म्हणाली. आवाज अगदी हळू. "ती गुंडाळलेली तार आधी काढा."

बिरू मागे आला आणि पाहतच राहिला. साहिलने मोबाईल खिशात घातला. बयाबाईंनी जुईलीला गाडीतून ओढून पोटाशी धरलं होतं.

"म्याच बांधलं व्हतं," त्या म्हणाल्या. "पोरीला दिष्ट लागू न्हाई म्हनून."

बिरूने माझ्यावरची तांब्याची तार उलगडली. नवा फ्यूज आणेपर्यंत मागच्या तारा सोडवून ठेवायच्या, असं ठरलं आणि मंडळी गाण्याशिवाय पौडला गेली. वाटेत जुईली एकदाच म्हणाली, गाणं कुठं गेलं? वैभवीने तिचा हात घट्ट धरला, पौड येईपर्यंत सोडला नाही.

मला वाटलं, आता मी उकिरड्यावर. पण परत आल्यावर बयाबाईंनी मला मागून घेतलं. "ह्यानंच राखली माझी नात," एवढंच म्हणाल्या. काळ्या लोकरीचा धागा वळला, मला त्यात गुंफलं आणि गाडीच्या आरशाला बांधलं. लोकरीचा हं, तारेचा नाही.

तिथून मला मागच्या सीटवरची जुईली रोज दिसते. मित्रांनो, तुमच्या घरी कधी माझा एखादा भाऊ वितळला आणि मोठ्या माणसाने तार हातात घेतली, तर त्याची बाही ओढा. तो का गेला, एवढं विचारा. आम्हाला बोलता येत नाही. तुम्हाला येतं.