बूटकाकांच्या हार्ड डिस्कची जळफळ

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे, आणि आधीच सांगते, माझं मन साफ नाही. माझ्या शेजारी ती नवी डिस्क येऊन बसली आहे ना, काडेपेटीएवढी, तिच्यावर मी मनापासून जळते.

माझा जन्म ज्या कारखान्यात झाला, तिथे धुळीचा कणही आत येऊ देत नसत. माझ्या पोटात आरशासारख्या चकत्या बसवल्या आणि माझी रवानगी बूटकाकांच्या कॉम्प्युटरमध्ये झाली. काका अवघड पायांसाठी बूट बनवतात. कुणाची टाच वाकडी, कुणाची बोटं आत वळलेली. प्रत्येक पायाचं मापासकट चित्र ते माझ्याजवळ ठेवत. "माझी सगळी गिऱ्हाइकं हिच्या पोटात आहेत," असं ते कौतुकानं सांगत आणि मी फुगून जाई.

पुढे वय झालं. मी कटकट आवाज करू लागले. काकू म्हणाल्या, "अहो, किती कुरकुरतेय ही! नवी आणा की!"

नवी आली. आवाज नाही, कुरकुर नाही, आणि कामाला भलतीच चटपटीत. "किती गुणाची आहे गं बाई!" काकू म्हणाल्या. मी इतकी वर्षं राबले, मला कुणी गुणाची म्हटलं नव्हतं. माझा नुसता तिळपापड झाला.

पण काकांचा जीव माझ्यात अडकलेला. त्यांनी तपासणीचा प्रोग्राम लावला. पडद्यावर चौकोन उमटू लागले. हिरवे, हिरवे आणि मधेच लाल. लाल म्हणजे जिथलं मला नीट वाचता येत नाही अशी जागा. खाली बटण होतं, 'दुरुस्त करा'. काका पडले बूटवाले. भोक दिसलं की ठिगळ लावायचं, हा त्यांच्या हाताचा स्वभाव. त्यांनी बटण दाबलं, एक लाल चौकोन हिरवा झाला. मी नवीकडे तोऱ्यात पाहिलं.

मग काकांनी तिथलं चित्र उघडलं, तर सगळा चिखल. एका आजोबांच्या टाचेचं माप कायमचं गेलं होतं.

दुरुस्तीवाल्या ताईंनी येऊन कपाळाला हात लावला. "काका, ठिगळ लावल्यावर बूट राहतो. इथं खराब जागा पुसली जाते आणि तिच्या बदली कोरी मिळते. आधी कॉपी काढायची, मग दुरुस्ती!"

"अजून एक लाल राहिलाय," काका हळूच म्हणाले. "तिथं छोटीचा पाय आहे."

छोटी म्हणजे एक पाय आखूड असलेली मुलगी. तिला पुन्हा पुन्हा चालायला लावून, खोडून खोडून काकांनी ते चित्र जमवलं होतं. आता ती दूर राहायला गेली होती आणि तिचे नवे बूट त्यावरूनच करायचे होते.

ताईंनी मला आणि नवीला एकाच कॉम्प्युटरला जोडलं. माझं सारं तिला द्यायचं! क्षणभर वाटलं, नाहीच देत जा. खराबच तर जागा आहे, कोण विचारतंय? पण काका समोर नखं चावत उभे होते. प्रोग्राम तेच तेच मागत राहिला. मी अडखळले, चकत्या फिरवल्या, पुन्हा अडखळले. अखेर वाचलं. काकांनी चित्र उघडलं आणि मटकन खुर्चीत बसले. "आलं गं बाई, आलं!"

"बघा, नवीवर किती पटकन उघडलं!" काकू म्हणाल्या.

ऐकलंत, मित्रांनो? वाचलं मी आणि नाव तिचं!

माझी जळफळ अजून गेलेली नाही. तरी एक सांगते. मी कुरकुरले म्हणून काका सावध झाले. नवी कुरकुरणार नाही, जायची झाली तर गुपचूप जाईल. म्हणून मोलाच्या गोष्टींची आणखी एक कॉपी ठेवा, तीही धडधाकट डिस्कवर.

काल काका ती कॉपी माझ्यावरच ठेवायला निघाले होते. "जुनी असली तरी आपली आहे," म्हणाले. नवीच्या देखत म्हणाले! किती सुख वाटलं म्हणून सांगू. पण छोटीचा पाय माझ्या भरवशावर ठेवण्यासारखी मी आता राहिले नाही.

काकांनी कॉपीचं बटण दाबलं, तेव्हा मी एक अक्षरही लिहून घेतलं नाही.