डावा कोपरा

"रेडरच आणा! पॉइंट कोण आणते? रेडर आणते. मंग?" गोपाळरावांनी पोह्यांवरच्या झणझणीत तर्रीत बुडालेला चमचा हवेत उगारला आणि स्वतःच्याच शर्टावर लाल ठिपका पाडून घेतला.

निवृत्त लाइनमन गोपाळराव आणि मोबाइल दुरुस्त करणारा सुशील, कबड्डी मंडळाचे हे दोघे कारभारी जन्मात कधी कबड्डी खेळले नव्हते. त्यामुळे त्यांना त्या खेळातलं सगळं कळत होतं. मनीषनगरच्या मागच्या मैदानाला लागून तुळसाबाईची पोह्याची गाडी होती आणि उत्कर्ष मंडळाच्या मुलींचा संघ कसा सुधारायचा, हे रोज सकाळी तिथेच ठरायचं. खुल्या सामन्यांत प्रत्येक संघाला बाहेरगावची एकच खेळाडू घेता येई. ती चढाई करणारी रेडर असावी की पकड करणारी, यावरून वस्तीत महिनाभर तोंडाला तोंड लागायचं.

"हे पाहा, नरखेडची रेडर, भूमिका," सुशीलने मोबाइल पुढे केला. "कशी उडी मारून राहिली! पोरगी हाय का स्प्रिंग?"

"घ्या मंग! थांबले काहून?"

"तशी उमरेडची एक प्रीती हाय. लेफ्ट कॉर्नर. घोटा धरला का सोडत नाई..." सुशील बोलता बोलता अडखळला आणि गप्प झाला. गोपाळरावही ताटलीत हरभरे शोधू लागले.

गप्प होण्याचं कारण गाडीमागे पोहे परतत होतं. उत्कर्षच्या डाव्या कोपऱ्यात गेली कितीतरी वर्षं दामिनी खेळत होती आणि दामिनी तुळसाबाईची मुलगी.

दामिनी वर्धा रोडवरच्या पेट्रोल पंपावर कामाला होती. वयाची बत्तीस वर्षं उलटली होती. "लग्नानंतर खेळ बंद" म्हणणारी दोन स्थळं तिने चहासुद्धा पूर्ण होऊ न देता परत पाठवली होती. मागच्या मोसमात तिचा गुडघा गेला. बरा झाला असं ती म्हणायची, पण चढाईला आलेल्या मुली आता नेमक्या तिच्याच बाजूने निसटायच्या. सगळ्या वस्तीला ते दिसत होतं. "यंदा घरच्या मैदानावर एकदा जिंकू दे आई, मंग नाई खेळत," असं तिने सांगून टाकलं होतं.

तुळसाबाईच्या जिवाला तेव्हापासून स्वस्थता नव्हती. पोह्यात मीठ दोनदा पडलं. एका गिऱ्हाइकाला तिने तर्रीशिवाय ताटली दिली आणि वर त्यालाच झापलं. उत्कर्षचा एकही सामना तिने चुकवला नव्हता. दर वर्षी शेवटच्या सामन्यात हरून मुली तिच्या गाडीपाशी येऊन रडायच्या. तिला यंदा संघ जिंकायला हवा होता. पोटच्या पोरीपेक्षाही जास्त? हा प्रश्न मनात आला की ती उगाच कढई घासायला घ्यायची. पोरीच्या गुडघ्याची काळजी वाटते म्हणून, असं स्वतःला सांगून पाहिलं. तेही खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी गोपाळराव पुन्हा रेडरवर आले तेव्हा तिने झारा आपटला.

"काय रेडर रेडर लावलं गा? इकडून दोन पॉइंट आणान अन् डाव्या कोपऱ्यातून चार घालवान. उमरेडच्या पोरीले बोलवा."

"पण तुळसाबाई, मंग दामिनी..."

"बसंन बाहेर."

सुशीलने मोबाइल खिशात घातला. "तिले सांगन कोण?"

दोघेही तिच्याकडे पाहत राहिले.

"माह्या तोंडाकडे काय पाहता? मी सांगीन."

म्हणाली खरी. पण सांगणं काही होईना. सकाळी दामिनी घाईत असायची, संध्याकाळी गुडघ्याला तेल लावत बसायची. तेल लावणाऱ्या पोरीला काय सांगायचं? सामन्यांच्या आदल्या दिवसापर्यंत तुळसाबाईने ते ढकललं. प्रीती संध्याकाळच्या गाडीने येणार होती. त्या दिवशी गाडी बंद ठेवून, दुपारी जेवायला घरी आलेल्या दामिनीला पोटभर वाढून सांगू, असा तिचा हिशेब.

आता उत्कर्षची रीत अशी, की बाहेरून आलेली खेळाडू तुळसाबाईच्याच घरी उतरायची. मैदान जवळ, शिवाय तिच्या हातचं जेवण. आणि उमरेडची एसटी सकाळीही असते. दामिनी पंपावर जायला निघाली तोच दारात पाठीवर पिशवी घेतलेली एक उंच मुलगी उभी राहिली.

"तुळसाबाई मावशीचं घर हेच ना? मी प्रीती. सकाळचीच गाडी भेटली, म्हटलं प्रॅक्टिस होऊन जाईन."

"ये ना वं, आत ये," दामिनीने तिची पिशवी घेतली. "रेडर ना तू?"

"नाई ताई. लेफ्ट कॉर्नर."

दामिनीने पिशवी खाटेवर ठेवली. पाण्याचा गिलास भरून पाहुणीच्या हातात दिला. मग स्वयंपाकाच्या ओट्याशी आली आणि आवाज खाली ठेवून म्हणाली, "कोनं ठरवलं?"

मंडळाने, असं म्हणता आलं असतं. गोपाळरावांचं नाव घेतलं असतं तर तेही बिचारे शिव्या खाऊन गप्प बसले असते.

"मी," तुळसाबाई म्हणाली.

"तू?"

"त्याइच्यात बोलाची हिंमत नव्हती. मी बोलली."

"अन् मले? मले बोलाची हिंमत नाई झाली तुले?"

दामिनी नाश्ता न करताच निघून गेली. तुळसाबाईला रडू आलं, पण घरात पाहुणी होती. तिने प्रीतीला चहा केला.

पुढचे दिवस दामिनी घरात कामापुरतं बोलली. सामन्यांना मात्र ती रोज आली आणि राखीव मुलींबरोबर बाकावर बसली. उत्कर्ष कसाबसा अंतिम सामन्यापर्यंत पोचला.

अंतिम सामन्याचा पहिला डाव पार फसला. प्रीती आणि तिच्या शेजारची कामिनी हात धरून उभ्या राहायच्या, पण चढाईवाली जवळ आली की एक पुढे ओढायची आणि दुसरी मागे. साखळी तुटायची आणि दोघीही बाद. गोपाळराव ओरडले, "मी म्हटलंच होतं, रेडर आणा!" आपण पोरीचं मन मोडलं आणि हाती काहीच आलं नाही, हे तुळसाबाईला सहन होईना.

मध्यंतरात दामिनी उठली. जरा लंगडतच मैदानात गेली. प्रीतीच्या जागी उभी राहून तिने कामिनीचा हात धरला, मग तोच हात प्रीतीच्या हातात दिला.

"हे पाह्य. कामिनी बोट दाबून राहिली, तवर हलाचं नाई. बोट ढिलं केलं का घुसाचं. आमचं हे लय वर्षाचं हाय, तुले कोन सांगणार?"

दुसऱ्या डावात प्रीतीने पहिल्याच चढाईत घोटा धरला. मग आणखी एक. मैदान उभं राहिलं. शेवटच्या चढाईत समोरची मुलगी डाव्या बाजूने निसटू पाहत होती. कामिनीचं बोट ढिलं झालं असावं, कारण प्रीती अशी घुसली की तिघी एकावर एक पडल्या. उत्कर्ष एका गुणाने जिंकला. गोपाळराव नाचले. तुळसाबाई "प्रीती! प्रीती!" म्हणून ओरडत होती. ते लक्षात आल्यावर तिने तोंडाला पदर लावला.

चषकासोबत फोटोसाठी मुली दाटीवाटीने उभ्या राहिल्या. प्रीतीने हाक मारली, "दामिनीताई, या ना!"

"कोनी तरी फोटो काढाले पायजे ना," दामिनी म्हणाली आणि सुशीलच्या हातातला मोबाइल तिने घेतला. मग वळून आईकडे पाहिलं. "आई, तू बी जा. प्रीतीजवळ उभी राय."

"मी कायले?"

"तूच आणली ना तिले. जा."

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं तुळसाबाईला वाटलं. ती जाऊन उभी राहिली. प्रीतीने घामेजलेला हात तिच्या खांद्यावर टाकला. समोर दामिनीचा चेहरा मोबाइलमागे झाकला होता, फक्त बोटं दिसत होती.

"हास ना वं आई."

तुळसाबाई हसली.

"फोटो हालला," दामिनी मोबाइल खाली न घेता म्हणाली. "पुन्हा एक डाव हासा."