रघूच्या आजाराचं नाव

शिवदास मास्तरांना इंग्रजी शब्दांचं वेड होतं, आणि त्यातही खोट्याचं खरं करून दाखवणाऱ्या शब्दांचं जरा जास्तच. आठवीच्या पोरांना ते रंगात येऊन सांगत, "आपण सगळ्याला सोंग म्हणून मोकळे होतो. इंग्रजांचं तसं नाही. खेळात राजा झालात तर ते प्रिटेंड. दुःख नसताना डोळे पुसलेत तर फेन. खोटं नाणं काउंटरफीट, खोटी सही फोर्ज." साहेब देश सोडून गेला, पण मास्तरांच्या तोंडचं त्याचं कौतुक काही गेलं नव्हतं. बोर्ली पंचतनच्या आसपास कोणाचं इंग्रजीवाचून अडलं की तो त्यांचंच दार ठोठावी.

त्या दिवाळीनंतर बायजा आली. तिचा रघू मुंबईला रंगाच्या कारखान्यात होता. कामावरून काढल्यावर खोकत खोकत घरी आला होता.

"मास्तर, कंपनीच्या डाक्टरनं रघ्याला बघितलान नि सायबाला आजाराचं नाव सांगितलान. त्येवढं रघ्यानं पाठ केलंय. मॅलिंगरिंग. बरा व्हतो का वो ह्यो आजार?"

मॅलिंगरिंग म्हणजे काम टाळायला घेतलेलं आजारपणाचं सोंग. शब्द मास्तरांना पक्का ठाऊक होता.

ते रघूला बघायला गेले. ओटीवर नुसता हाडांचा सापळा पडला होता, आणि उशाशी राखेने भरलेली करवंटी होती थुंकायला. एरवी तरणा गडी असा लोळत पडला तर वाडीने त्याला फाडून खाल्लं असतं. पण आजाराला इंग्रजी नाव, तेही मुंबईच्या डॉक्टरने दिलेलं! सगळ्यांची तोंडं बंद झाली होती. येसाजी पाटीलसुद्धा येताजाता थांबून चौकशी करी. रघूची तेवढीच अब्रू उरली होती, आणि ती त्या एका शब्दावर उभी होती.

"बरा होतो, काकी," मास्तर म्हणाले. "म्हसळ्याला नवा डॉक्टर आलाय, त्याला दाखवा."

डॉक्टरला नाव सांगू नका, एवढंच पुढे म्हणायचं होतं. पण का, असं तिने विचारलं असतं. मास्तरांनी चपला घातल्या आणि ते शाळेत गेले. भित्रेच होते ते.

म्हसळ्याला दवाखान्यात ही गर्दी. डॉक्टरने मान वर करायच्या आत रघूने हात जोडले आणि घोकलेलं नाव नीट म्हणून दाखवलं. डॉक्टरला सोपं जावं म्हणून.

"डाक्टर हसला वो," बायजा शाळेच्या पायरीवर बसून सांगत होती. "म्हनला, ह्याला औषद न्हाय, कामाला जा. तुमी तर म्हनलात बरा व्हतो."

मास्तर रविवारी स्वतः जाऊन डॉक्टरला घेऊन आले. त्याने रघूची छाती तपासली, करवंटीतलं रक्त पाहिलं आणि मास्तरांना अंगणात नेलं. "क्षय आहे. दोन्ही फुप्फुसं गेली. त्या दिवशी आजाराचं नाव मलाच सांगत होता हो तो! शिकवलं कोणी त्याला?"

मास्तर आत आल्यावर बायजाने विचारलं, "त्योच आजार ना?" आणि ते म्हणाले, "तोच."

शिमग्याच्या आधी रघू गेला.

पाटलाला लिहायचा कंटाळा, म्हणून गावातल्या मयताची नोंद मास्तरच करत. बायजा समोर बसली होती. "मास्तर, इंग्रजी नावच लिवा हां. लोकं म्हनतील, घरी बसून मेला. त्याचा आजार खरा व्हता."

कारणाच्या रकान्यात मास्तरांनी क्षय असं लिहिलं आणि मोठ्याने वाचलं, "मॅलिंगरिंग." शेजारी बसलेल्या पाटलाने वहीत डोकावून पाहिलं आणि तो खिडकीबाहेर बघू लागला. आयुष्यभर पोरांना शब्द शिकवले, पण आपण आत्ता केलं त्याला इंग्रजीत काय म्हणतात ते मास्तरांना आठवेना.

बायजा पुढे सरकली. तिला अक्षरओळख नव्हती. ओल्या शाईला धक्का लागू नये म्हणून तिने बोट जरा वरच धरलं.

"ह्योच काय त्यो?"

"हाच."

तिने पदराने डोळे पुसले आणि वहीला नमस्कार केला.