आमच्या ह्यांचं कुत्र्यांत नाव

आमच्या भाचेबुवांनी कंपनी काढली ती आमच्याच जेवणाच्या टेबलावर. म्हणजे आम्ही जेवायचं मांडीवर ताट घेऊन, आणि टेबलावर गळपट्टे, वायरी आणि हा उंटावरचा शहाणा. शहरातल्या कुत्रेवाल्यांचे फार हाल होतात म्हणे. कुत्र्यांच्या बागेत गर्दी, भांडणं, भित्रं कुत्रं बिचारं फाटकापाशीच थरथरतं. तेव्हा याच्या ॲपवर कुत्र्याची माहिती भरायची, कुणाचं कुणाशी जमेल ते बघून ॲपने वेळ द्यायची, आणि गळपट्ट्यातलं बटण जवळ आलं की बागेचं फाटक आपोआप उघडायचं. हे बटण भुंकणंसुद्धा ऐकायचं. दोघं एकमेकांवर भुंकले की त्यांना पुन्हा म्हणून एका वेळी आत सोडायचं नाही. नगरपालिकेला हे इतकं आवडलं की तिने बागच त्याच्या हवाली केली. मी म्हटलं, चला, निदान टेबल तरी मोकळं होईल. कसलं काय.

पहिल्याच दिवशी आमचा कुत्रा गब्दुल आणि ह्यांच्या दोस्ताची, त्या शिंप्याची, कुत्री काडी फाटकाशी समोरासमोर आले आणि रोजच्यासारखे एकमेकांवर भुंकले. ती त्यांची वर्षानुवर्षांची विचारपूस. ॲपला ते वैर वाटलं. गब्दुलला सकाळची वेळ दिली, काडीला संध्याकाळची. कुत्र्यांचं काही अडलं नाही. अडलं ते आमच्या ह्यांचं.

हे आयुष्यभर लिफ्टा दुरुस्त करत आले. लिफ्टच्या खड्ड्यात बोलायला असतं कोण? त्यामुळे घरातही बोलणं म्हणजे 'हं' आणि 'ठेव तिथे'. पण बागेतल्या बाकावर शिंप्याशेजारी बसले की तोंडाचा पट्टा सुरू. काय बोलायचे देव जाणे, लांबून बघणाऱ्याला वाटावं आता मारामारी होणार. घरी यायचे ते मात्र टवटवीत होऊन. आता सकाळी गब्दुलला फिरवून आणायचे आणि भिंतीकडे तोंड करून बसायचे. 'हं'सुद्धा बंद झालं. शिंप्याला घरी बोलवा म्हटलं, तर नुसती मान हलवली. बाकावर जे जमतं ते बैठकीच्या खोलीत जमत नाही, पुरुषांचं हे असंच. मला खरंच भीती वाटायला लागली. माणूस डोळ्यांदेखत मिटत चालला होता आणि मी आपली त्यांच्यासमोरचे गार झालेले चहाचे कप उचलत होते.

भाच्याला सांगितलं, अरे, ते दोघं मित्र आहेत. तर म्हणतो, मामी, आकडे तसं म्हणत नाहीत. बागेत एकही भांडण झालेलं नाही हीच त्याच्या कंपनीची पुण्याई, आणि कुणी एक गुंतवणूकदार बाई ते बघायला येणार होत्या. मग म्हटलं, गब्दुल राहू दे, तुझ्या मामांना एकट्याला सोड संध्याकाळी आत. तेही नाही. आत जायला बटण लागतं आणि बटण नोंदणी केलेल्या कुत्र्यालाच मिळतं.

बरं. कुत्र्यालाच मिळतं ना?

दुपारी हे झोपलेले असताना मी त्यांचा फोटो काढला आणि त्यांचं कुत्र्यांत नाव घातलं. जात, मिश्र. खरं वय लिहिलं तर ॲप अडून बसलं, म्हणून सातने भागलं. चावतो का? अजून तरी नाही. सांगितलेलं ऐकतो का? दुसऱ्यांदा. भुंकतो का? घरात अजिबात नाही. यात एक अक्षर खोटं नव्हतं. मिश्या बघून ॲपने त्यांना टेरियर ठरवलं, 'किती गोड!' म्हणून कौतुक केलं, आणि काडीशी छान जमेल असं सांगून संध्याकाळची वेळ दिली. टेबलावरचं एक बटण मी त्यांच्या शर्टाच्या खिशात घातलं तेव्हा ह्यांनी माझ्याकडे फक्त बघितलं. मी म्हटलं, चला मुकाट्याने.

फाटक उघडलं. हे आत गेले, मी जाळीबाहेर उभी राहिले. ह्यांना बघून शिंपी बाकावरून उठला. मला वाटलं, आता गळ्यात पडतात.

"मेला होतास का?" शिंपी म्हणाला.

"तुझ्याआधी? जमायचं नाही," हे म्हणाले.

आणि मग दोघं जे कडाडले! काडी मधे उड्या मारत भुंकायला लागली. खिशातल्या बटणाने सगळं इमानाने ऐकलं. भोंगा वाजला, आणि मोठी कुत्री लहान कुत्र्यांपासून वेगळी ठेवायची ती सरकती जाळी दोघांच्या मधून गेली आणि खाडकन बंद झाली. फाटकालाही कुलूप लागलं. खांबावरच्या कर्ण्यातून एक गोड आवाज लोकांना सांगायला लागला की आक्रमक कुत्र्यांच्या जवळ जाऊ नका.

भाचा तेव्हा आमच्या टेबलाशी त्या गुंतवणूकदार बाईंना एकही भांडण नसलेला आलेख दाखवत होता. फोन ठणाणा करायला लागला तसा धावत सुटला, मागून बाई. येऊन मला विचारतो, मामी, टेरियर कुठाय? मी बोट दाखवलं. तो मामांकडे बघतो, फोनकडे बघतो, पुन्हा मामांकडे. बाईंना मात्र भलताच उत्साह आला. माणसांसाठीही हे चालतं का, म्हणून त्या विचारायला लागल्या. तो फोनवर कुलूप उघडायची खूण शोधायला लागला.

माझं तिकडे लक्षच नव्हतं. आत दोघं जाळीच्या दोन बाजूंना गवतावर बसले होते, मधे जाळी आहे याचं काहीच नसल्यासारखे. आवाज खाली आला होता. मी जरा पुढे सरकले.

हे सांगत होते, "हल्ली जिना उतरताना भिंतीला हात लावते. मी दिसलो की काढते. गुडघा दुखतो, पण सांगायची नाही. म्हणून मी कठडा बसवला, म्हटलं गब्दुलसाठी."

त्या कठड्यावरून मी ह्यांना काय काय बोलले होते. कुत्र्याला कशाला हवाय कठडा, डोकं ठिकाणावर आहे का, म्हणून.

"भांडी घासताना गाणं म्हणते," हे पुढे म्हणाले. "दर वेळी एकाच ओळीला चुकते. मी ती ओळ यायची वाट बघत बसतो. सांगितलं तर म्हणायचीच बंद होईल."

"अरे, मग तिच्याशी बोल की कधी," शिंपी म्हणाला.

"तिला काय सांगायचं? तिला माहीतच असणार."

मला माहीत नव्हतं. मला रडूच आलं, आणि रागही आला. इतकी वर्षं हा माणूस मला बघत होता आणि सगळं नेऊन त्या शिंप्याला सांगत होता. भिंतीकडे तोंड करून बसलेले असायचे तेव्हा मला वाटायचं, ह्यांचं कशातच लक्ष नाही.

भाच्याला एवढ्यात कुलूप उघडायची खूण सापडली. घामाघूम होऊन तो फोनवर बोट टेकवणार, तोच मी त्याचं मनगट धरलं.

"राहू दे रे," मी म्हटलं. "अजून माझ्याबद्दलच चाललंय."