माळ्यावरचा राखणदार

सुनेने माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर खाली उतरवला, तेव्हा सासूबाईंना वाटलं, अखेर भंगारवाल्याचं नशीब उघडलं. पण सुनेने त्याची धूळ झटकली, तो पुस्तकांच्या कपाटाशेजारी मांडला आणि म्हणाली, "आई, आजपासून हा आपल्या इंटरनेटचा राखणदार."

"हा? याला स्वतःलाच धड उठवत नाही."

राखणदाराची गरज मात्र खरी होती. सासरे जन्मापासून बहिरे, त्यांचा धाकटा भाऊही तसाच. दोघं हातांनी बोलत. भाऊ दूरगावी राहायचा, म्हणून रोज संध्याकाळी फोनच्या पडद्यावर भेट व्हायची. नेमके तेव्हाच वरच्या मजल्यावरचे भाडेकरू सिनेमे लावून बसत. घराला लाइन एकच. चित्र अडकायचं आणि भावजींचा हात वाक्याच्या मधेच हवेत लटकून राहायचा. त्यात भावजींचा एक डोळा आधीच गेलेला, दुसऱ्याचं ऑपरेशन ठरलेलं, आणि डॉक्टर खात्री देत नव्हते. तो डोळा गेला तर हे पडद्यावरचं बोलणं कायमचं संपणार होतं. असं असताना, चित्र अडकतं म्हणून दोघं म्हातारे हल्ली "जेवलास? बरा आहेस?" एवढ्याच संथ खुणा करून फोन ठेवत. जन्मभर कडाकडा भांडलेल्या भावांना ते शोभत नव्हतं. सासूबाईंना ते बघवत नसे.

सून शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. तिचा बेत साधा होता. बाहेरची लाइन आधी या जुन्या यंत्रात येणार, मग घरात जाणार. आगंतुकाला दारातच अडवायचं आणि बाबांच्या फोनला सगळ्यांच्या आधी वाट करून द्यायची, हे त्याचं काम. त्यासाठी लिनक्स नावाच्या प्रणालीचे खास प्रकार फुकट मिळतात. या म्हाताऱ्या यंत्राला झेपेल असा एक निवडायचा होता.

पहिला होता देखणा. रंगीत आलेख काय, तक्ते काय, सासूबाईंना तोच आवडला. पण यंत्राची मेमरी तोकडी. आलेख काढता काढताच त्याला धाप लागली आणि फोनचे हाल होते तसेच राहिले.

"अंथरूण पाहून पाय पसरावेत, आई," असं म्हणून सुनेने तो पुसून टाकला. ही म्हण आपण तिला ऐकवायची की तिने आपल्याला, या विचारात सासूबाई जरा वेळ फुरंगटून बसल्या.

दुसरा छान चालला. चित्र अडकेना. झालं एकदाचं, म्हणून सासूबाईंनी सुस्कारा टाकला, तर सुनेने जाऊन भिंतीतला प्लगच उपटला.

"अगं, चालत्या गाडीला खीळ कशाला घालतेस?"

"वीज कधीतरी जाणारच ना. तेव्हा मी घरात नसले तर?"

दोन-तीनदा प्लग उपटल्यावर दुसरा गडी रुसला. पडद्यावर कसलासा प्रश्न विचारून, कुणी उत्तर देईपर्यंत हटून बसला. तोही गेला.

तिसरा म्हणजे काळा पडदा, पांढरी अक्षरं, बाकी ठणठणगोपाळ. पण तो सगळाच्या सगळा एका पेनड्राइव्हवर मावत होता. उठताना तिथून वाचायचा, मेमरीत जाऊन बसायचा आणि मग कुठे काही लिहायचा नाही. त्यामुळे मधेच वीज गेली तरी अर्धवट राहण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतंच. सुनेने जुनी हार्ड डिस्कही काढून ठेवली, वीज आली की यंत्राने आपलं आपण उठावं अशी सोय केली आणि मग तिला प्लग उपटण्याचा नादच लागला. सकाळी, दुपारी, हातातला झाडू टाकून मधेच. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. सासरे मात्र खुर्चीत बसून दर वेळी बघायचे आणि हसायचे.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी सून शाळेत पालकसभेला अडकली होती. फोनची वेळ झाली तशी, ती घरात नाही म्हणून सासऱ्यांनी खात्रीसाठी यंत्रावर तळवा ठेवला. पंखा, मिक्सर, पाण्याची मोटर, काय चालू आहे ते त्यांना हातानेच कळायचं. जुन्या डिस्कची थरथर त्यांच्या ओळखीची होती, पण आता डिस्कच नव्हती. हाताला काही लागेना. यंत्र बंद पडलं असं समजून ते घाबरले आणि सुनेला करताना पाहिलं होतं तेच त्यांनी केलं. प्लग उपटला आणि पुन्हा खोचला.

सासूबाई धावत आल्या. फोनवरची इंटरनेटची खूण गेली होती. त्यांनी सुनेला फोन लावला, तो उचलला गेला नाही. तिकडे भावजी उरलेला एक डोळा पडद्याला लावून बसले असणार.

तेवढ्यात यंत्रातून, ते उठताना येतो तसा, बारीक 'टुक' असा आवाज आला. तो ऐकू येणारं माणूस त्या खोलीत एकच होतं. सासूबाईंनी नवऱ्याचा खांदा हलवला आणि खुणेने सांगितलं, जिवंत आहे.

थोड्याच वेळात पडद्यावर भावजी आले. सासऱ्यांनी त्यांना प्लगची सगळी कथा सांगितली, त्यावरून भावजी भावाच्या अकलेवर घसरले, आणि बघता बघता लहानपणी सायकल कुणी मोडली इथवर भांडण जाऊन पोहोचलं. चार हात नुसते सपासप फिरत होते आणि एकही बोट कुठे अडकत नव्हतं. सासूबाईंना निम्मंही कळलं नाही. त्या उभ्या उभ्या रडत होत्या. आपली सून शहाणी आहे हे त्यांना ठाऊक होतं, पण इतकं लांबचं बघणारी असेल असं वाटलं नव्हतं.

फोन ठेवण्याआधी भावजींनी एक नवीच खूण केली. दोन बोटांनी हवेतून काही उपटलं, परत खोचलं आणि तळवा हळूच वर उचलला. सासऱ्यांनी मान डोलावली आणि तीच खूण करून दाखवली.

"म्हणजे काय?" सासूबाईंनी हाताने विचारलं.

सासऱ्यांनी भिंतीवरच्या फोटोतल्या सुनेकडे बोट दाखवलं.

या दोघांत खुणेचं नाव मागून मिळत नसे. हनुवटीवरच्या तिळाला बोट लावलं की सासूबाई, हे त्यांचं नाव पडायला पहिलं मूल व्हावं लागलं होतं. सून मात्र लग्नापासून नुसती 'मुलाची बायको' होती.

सून धापा टाकत घरात शिरली. "आई, फोन केला होतात? आत्ता पाहिला. काय झालं?"

सासूबाईंनी दोन बोटांनी हवेतून उपटलं, परत खोचलं आणि तळवा वर उचलला.

"ही कसली खूण?"

"तुझं नाव," सासूबाई म्हणाल्या.